मुलाच्या डोक्याला मार लागला. सीटी स्कॅन करावा का? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच प्रसंगाभोवतीची आहेत. मूल पडते, डोक्याला लागते आणि पुढच्या तासाभरात घरच्यांना सीटी स्कॅनचा प्रश्न पडतो. कुणाला डॉक्टरांनी स्कॅन केला नाही याची तक्रार आहे, तर कुणाला स्कॅन करायला सांगितला याची भीती आहे. म्हणून या वेळचे सदर या एकाच विषयाला दिले आहे. पत्रे संक्षिप्त करून आणि नावे वगळून छापली आहेत. ज्यांचे मूल आज, आत्ता पडले आहे, त्यांनी मात्र उत्तर शोधण्यासाठी पाने चाळत न बसता मुलाला डॉक्टरांना दाखवावे.

प्रश्न : आमची मुलगी नऊ महिन्यांची आहे. दुपारी ती दिवाणावर झोपली होती. मी गॅसवरचे दूध उतरवायला गेले, तेवढ्यात ती लोळत कडेला आली आणि खाली फरशीवर पडली. लगेच मोठ्याने रडली, थोड्या वेळाने दूधही प्यायली. पण कपाळावर लिंबाएवढे टेंगूळ आले. बालरोगतज्ज्ञांनी तिला बराच वेळ तपासले, डोक्यावर सगळीकडून बोटे फिरवली आणि स्कॅनची गरज नाही, असे सांगून घरी पाठवले. सासूबाईंचे म्हणणे असे, की टेंगूळ हा बाहेरचा मार झाला, आतला मुका मार कोण बघणार? स्कॅन न करून आम्ही हयगय केली का? – एक आई, सांगली

उत्तर : हयगय झालेली नाही. तुमच्या डॉक्टरांनी जो वेळ तपासण्यात घालवला, त्यातच स्कॅनचा निर्णय दडलेला होता.

हा निर्णय अंदाजाने घेतला जात नाही. उत्तर अमेरिकेतील २५ रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत डोक्याला मार लागून आलेल्या ४२,४१२ मुलांचा अभ्यास पेकार्न या संशोधन गटाने केला आणि तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. ही सगळी मुले शुद्धीवर असलेली किंवा फार तर किंचित मंदावलेली अशी होती, म्हणजे आपल्या दवाखान्यात रोज येतात तशीच. त्यांपैकी ३७६ मुलांना, म्हणजे शंभरात एकाहूनही कमी मुलांना, मेंदूची महत्त्वाची इजा झाली होती आणि मेंदूची शस्त्रक्रिया ६० मुलांना लागली. तरीही साधारण ३५ टक्के मुलांचा स्कॅन झाला होता. इतक्या मुलांना स्कॅनखाली न घालता ती मोजकी मुले कशी ओळखायची, हा त्या अभ्यासाचा प्रश्न होता.

दोन वर्षांखालील बाळांसाठी त्यातून सहा गोष्टी पुढे आल्या. बाळ नीट जागे आणि सावध आहे का. कपाळ सोडून डोक्याच्या बाजूला, वर किंवा मागे टेंगूळ आहे का. बाळ पाच सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ बेशुद्ध होते का. मार कसा लागला, म्हणजे तीन फुटांपेक्षा उंचावरून पडले का, वाहनाची धडक बसली का, जड वस्तू वेगाने आदळली का. बोटांना कवटीचे हाड मोडल्याचे जाणवते का. आणि आईवडिलांच्या मते बाळ नेहमीसारखे वागते आहे का. निष्कर्ष पडताळून पाहण्यासाठी वेगळ्या ठेवलेल्या गटात या सहांपैकी एकही दोष नसलेली १,१७६ बाळे होती आणि त्यांतल्या एकालाही मेंदूची महत्त्वाची इजा नव्हती.

आता तुमच्या मुलीकडे पाहा. ती लगेच रडली, म्हणजे बेशुद्ध नव्हती. घरातला दिवाण साधारण दीड-दोन फुटांचा असतो. टेंगूळ कपाळावर आहे आणि कपाळाचे हाड जाड असते. हेच टेंगूळ कानाच्या वर असते, तर माझे उत्तर सावध झाले असते, कारण तिथले हाड पातळ असते आणि त्याच्या आतल्या बाजूने एक महत्त्वाची रक्तवाहिनी जाते. डॉक्टरांची बोटे डोक्यावर फिरत होती ती मऊ, लिबलिबीत सूज किंवा हाडाची पायरी हाताला लागते का, ते पाहण्यासाठी. टाळूवर बोट ठेवले असेल, तर ती फुगून ताणली गेली आहे का, हे ते पाहत होते.

बाजूला किंवा मागे टेंगूळ असले, तरी स्कॅन करावाच लागतो असेही नाही. त्याच अभ्यासात टेंगूळ सोडून दुसरे काहीही नसलेली २,९९८ लहान बाळे होती. त्यांपैकी १२ बाळांना महत्त्वाची इजा निघाली आणि शस्त्रक्रिया एकालाही लागली नाही. अशा वेळी बाळाचे वय, टेंगळाचा आकार आणि जागा पाहून ठरवतात. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाच्या बाबतीत मात्र आम्ही स्कॅनकडे लवकर झुकतो, कारण इतक्या लहान बाळाच्या वागण्यावरून फारसा बोध होत नाही.

सहावी गोष्ट मी मुद्दाम शेवटी ठेवली. आईवडिलांचे मत हे या नियमातच बसवलेले आहे. मूल ‘वेगळेच वागते आहे’ असे घरच्यांना वाटत असेल, तर ते डॉक्टरांना स्पष्ट सांगावे आणि डॉक्टरांनी ते मनावर घ्यावे. सासूबाईंची शंका रास्त होती. तिचे उत्तर बाळ कसे रडले, कसे प्यायले आणि कसे खेळले यातून मिळाले.

पत्रात तुम्ही आणखी लिहिले आहे, की ती कशी पडली हे डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा विचारले आणि तुम्हाला त्याचे वाईट वाटले. हा प्रश्न आम्ही प्रत्येकाला विचारतो. अजून कुशीवरही न वळणारे बाळ पलंगावरून आपोआप पडले, असे कुणी सांगितले, तर बाळाला कुणी इजा केली आहे का, हे पाहणे आमचे कर्तव्य ठरते आणि अशा बाळाचा स्कॅन टाळला जात नाही. नऊ महिन्यांची मुलगी लोळत कडेला जाऊन पडते, यात संशय घेण्यासारखे काहीच नाही.

प्रश्न : माझा सात वर्षांचा मुलगा शाळेत धावताना पायरीवर अडखळून पडला. शाळेतच त्याला दोनदा उलटी झाली. डोके थोडे दुखत होते, पण बोलत-चालत होता. रुग्णालयात त्याला दाखल करून घेतले, मात्र स्कॅन केला नाही. सहा तास नुसते झोपवून ठेवले. नर्स दर अर्ध्या तासाने यायच्या, डोळ्यांत टॉर्च मारायच्या, नाव आणि शाळेचे नाव विचारायच्या आणि कागदावर लिहून जायच्या. संध्याकाळी घरी सोडले आणि वर एका दिवसाचे बिल लावले. त्याऐवजी दहा मिनिटांत स्कॅन करून मोकळे का केले नाही? – एक वडील, नाशिक

उत्तर : तुमचा राग मला समजतो. पैसे दिले, दिवस गेला आणि हातात एकही फिल्म आली नाही. पण नर्सने लिहून ठेवलेला तो कागद त्या दिवशी फिल्मपेक्षा मोलाचा होता.

दोन वर्षांपुढील मुलांसाठी सहा गोष्टी थोड्या वेगळ्या आहेत : शुद्ध आणि सावधपणा, क्षणभर का होईना बेशुद्ध होणे, उलटी, तीव्र डोकेदुखी, मार लागण्याचा प्रकार (इथे उंची पाच फुटांच्या वर धरतात) आणि कवटीचा तळ मोडल्याच्या खुणा. या खुणा म्हणजे दोन्ही डोळ्यांभोवती काळेनिळे होणे, कानामागे निळसर डाग उमटणे, कानातून किंवा नाकातून रक्त अथवा पाण्यासारखा स्राव येणे. यांपैकी एकही गोष्ट नसेल, तर महत्त्वाच्या इजेची शक्यता दोन हजारांत एकाहून कमी असते आणि स्कॅन करू नये. शुद्धीत फरक असेल किंवा कवटीचा तळ मोडल्याची खूण असेल, तर ती शक्यता शंभरात चारच्या घरात जाते आणि स्कॅन लगेच करावा. अडचण असते ती या दोन टोकांच्या मधल्या मुलांची. तुमचा मुलगा त्या मधल्या गटात होता.

त्याच्या बाबतीत उलटी ही एकच गोष्ट होती. पडल्यावर मुलांना एक-दोन उलट्या होणे फार सर्रास आहे. पुष्कळदा ती भीतीने, रडण्याने किंवा नुकत्याच खाल्लेल्या डब्याने होते. फक्त उलटी आणि दुसरे काहीही नाही अशी ८१५ मुले त्या अभ्यासात होती आणि त्यांतल्या दोघांना महत्त्वाची इजा निघाली. ब्रिटनमधील मार्गदर्शक सूचना उलट्या तीन किंवा त्याहून अधिक झाल्या, तरच त्यांना धोक्याच्या यादीत धरतात. आणि तेवढे एकच लक्षण असेल, तर तिथेही आधी किमान चार तास मुलावर लक्ष ठेवायला सांगतात.

आता त्या टॉर्चविषयी. १९७४ मध्ये ग्लासगो येथील दोन मेंदुशल्यविशारदांनी शुद्ध मोजण्याची एक पट्टी तयार केली. डोळे उघडणे, बोलणे आणि हालचाल यांना गुण देऊन ३ ते १५ अशी बेरीज करायची. पूर्ण शुद्धीतल्या मुलाला १५ गुण मिळतात. नाव आणि शाळा विचारतात ती या गुणांसाठी. अजून बोलता न येणाऱ्या बाळाचे रडणे आणि हुंकार मोजतात. टॉर्चच्या उजेडात दोन्ही बाहुल्या सारख्या आकसतात का, ते पाहतात. मेंदूवर दाब वाढू लागला, तर आधी मूल सुस्त होते, उत्तराला वेळ लावते, चिडचिडते. बाहुलीत फरक पडतो तो त्यानंतर. एकदाच पाहिलेल्या मुलाविषयी हे कळत नाही. दर अर्ध्या तासाने तीच नर्स तोच प्रश्न विचारते, तेव्हा कळते. १५ चा आकडा १४ वर आला असता, तर तुमच्या मुलाला त्याच क्षणी स्कॅनला नेले असते. सहा तास आकडा १५ च राहिला, उलटी थांबली, डोकेदुखी उतरली आणि स्कॅनचे कारणच उरले नाही.

मूल नजरेखाली ठेवणे म्हणजे काहीच न करणे नव्हे, हे मी पोटतिडकीने सांगतो, कारण घरच्यांच्या आग्रहापुढे नमून केलेले कितीतरी स्कॅन या सहा तासांत टळतात. फिल्म एका क्षणाचे चित्र देते. मार लागल्यावर फार लवकर काढलेल्या फिल्ममध्ये हळूहळू साचणारे रक्त क्वचित दिसतही नाही.

हीच उलटी बेशुद्ध पडण्याबरोबर, वाढत्या डोकेदुखीबरोबर किंवा गच्चीवरून पडण्याबरोबर आली असती, तर आम्ही वाट पाहिली नसती. एकापेक्षा अधिक लक्षणे असतील किंवा नजरेखाली असताना लक्षणे वाढत असतील, तर मधल्या गटातल्या मुलाचाही स्कॅन करतात.

प्रश्न : माझी पाच वर्षांची नात स्कूटरवर पुढे उभी होती. मोटारीची धडक बसून ती रस्त्यावर फेकली गेली. काही मिनिटे शुद्ध नव्हती, नंतर गुंगीत होती. डॉक्टरांनी लगेच सीटी स्कॅन सांगितला. एका स्कॅनने मुलांना पुढे कॅन्सर होतो, असा संदेश मोबाइलवर फिरत होता, त्यामुळे माझ्या मुलाने नकार दिला. तासभर वाद झाला. शेवटी स्कॅन झाला, थोडे रक्त साचलेले निघाले आणि शस्त्रक्रियेशिवाय ती बरी झाली. पण मुलाच्या मनातून भीती जात नाही. तो चुकला का आणि ही भीती खरी किती? – एक आजोबा, पुणे

उत्तर : भीतीला आधार आहे, म्हणूनच आम्ही वर इतका काथ्याकूट करतो. पण ज्या मुलाला स्कॅनची गरज आहे, त्याच्यासमोर ही भीती अगदीच लहान ठरते.

सीटी स्कॅन म्हणजे अनेक कोनांतून घेतलेल्या एक्स-रेचे संगणकाने जुळवलेले चित्र. मुलाच्या डोक्याच्या एका स्कॅनमधून शरीराला साधारण दोन मिलिसिव्हर्ट किरणोत्सर्ग मिळतो. माती, दगड, हवा आणि आकाशातून येणाऱ्या नैसर्गिक किरणोत्सर्गाची जागतिक सरासरी वर्षाला सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट धरली जाते. म्हणजे एका स्कॅनचा वाटा साधारण वर्षभराच्या नैसर्गिक किरणोत्सर्गाएवढा असतो. फरक इतकाच, की तो काही सेकंदांत आणि मुख्यतः डोक्यालाच मिळतो. मुलांच्या वाढत्या पेशी किरणांना अधिक नाजूक असतात आणि पुढचे आयुष्य लांब असते, म्हणून मोठ्या माणसांपेक्षा त्यांच्यासाठी काळजी जास्त घ्यावी लागते.

हा धोका मोजलेला आहे. युरोपातील नऊ देशांत सीटी स्कॅन झालेल्या ६,५८,७५२ मुलांचा आणि तरुणांचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचा निष्कर्ष असा, की डोक्याचा एक स्कॅन झालेल्या दहा हजार मुलांमागे, स्कॅननंतरच्या पाच ते पंधरा वर्षांत, किरणांमुळे मेंदूचा कर्करोग होणारे साधारण एक मूल असू शकते. स्कॅनची संख्या वाढत गेली, की धोकाही वाढत जातो.

हा दहा हजारांत एकाचा आकडा एका हातात घ्या. शुद्धीत फरक असलेल्या मुलात महत्त्वाची इजा निघण्याची शक्यता दुसऱ्या हातात घ्या, जी शंभरात चारच्या आसपास आहे. तुमच्या नातीला वाहनाची धडक बसली होती, ती काही मिनिटे बेशुद्ध होती आणि नंतरही गुंगीत होती. तिच्यासाठी तो स्कॅन तासभर आधी व्हायला हवा होता. शस्त्रक्रिया लागली असती, तर तो तास महाग पडला असता. चिरंजीवांना दोष मात्र देऊ नका. अर्धवट माहिती मिळालेल्या बापाने आपल्या परीने मुलीची काळजीच केली. दिवाणावरून पडलेल्या, हसणाऱ्या-खेळणाऱ्या बाळाच्या बाबतीत हीच दोन पारडी उलटी होतात आणि तिथे स्कॅन टाळण्यात शहाणपण असते.

स्कॅन ठरलाच, तर आईवडिलांनी एक प्रश्न अवश्य विचारावा : यंत्रावर मुलांसाठीची मात्रा लावली आहे का? मोठ्या माणसाच्या मात्रेत लहान मुलाचा स्कॅन करण्याची काही गरज नसते. दुसरे, एका रुग्णालयात स्कॅन झाला असेल, तर फिल्म आणि सीडी बरोबर ठेवावी, म्हणजे पुढच्या रुग्णालयात तोच स्कॅन पुन्हा होत नाही.

आणि स्कूटरविषयी. चार वर्षांवरील प्रत्येकाला दुचाकीवर हेल्मेट सक्तीचे आहे. नऊ महिने ते चार वर्षे या वयातील मुलांसाठीही १५ फेब्रुवारी २०२३ पासून हेल्मेट, चालकाला बांधून ठेवणारा पट्टा आणि ताशी ४० किलोमीटरची वेगमर्यादा असा केंद्राचा नियम लागू आहे. हँडल धरून पुढे उभ्या असलेल्या मुलाला धडकेत आधार कशाचाच नसतो. आपल्या शहरांत हे दृश्य रोज दिसते आणि मला ते पाहवत नाही.

प्रश्न : डोक्याला लागल्यावर मुलाला झोपू द्यायचे नाही, असे आम्ही ऐकत आलो. ते खरे आहे का? – एक वाचक, मडगाव

उत्तर : तपासणी होईपर्यंत मुलाला शक्यतो जागे ठेवावे, म्हणजे त्याची शुद्ध डॉक्टरांना नीट पाहता येते. तपासून घरी सोडलेल्या मुलाला त्याच्या नेहमीच्या वेळी खुशाल झोपू द्यावे. रडून दमलेले मूल झोपतेच. झोप नेहमीसारखी आहे का, श्वास शांत आहे का, हे पाहावे. डॉक्टरांनी सांगितले असेल तर रात्री एक-दोनदा हलवून बघावे. कूस बदलून कुरकुरत पुन्हा झोपणारे मूल ठीक असते. हलवूनही उठत नसेल, तर पहाटेची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

प्रश्न : सीटी स्कॅनमध्ये किरण असतात, तर साधा एक्स-रे किंवा एमआरआय का करत नाहीत? – एक आई, कोल्हापूर

उत्तर : साध्या एक्स-रेत हाड दिसते, मेंदू आणि रक्तस्राव दिसत नाही, आपल्याला भीती असते ती रक्तस्रावाची. एमआरआयमध्ये किरणोत्सर्ग नसतो आणि चित्रही सुरेख येते, पण बहुतेक ठिकाणी त्याला अर्धा तास किंवा अधिक वेळ लागतो. तेवढा वेळ तीन वर्षांचे मूल निश्चल पडून राहत नाही, म्हणून झोपेचे औषध द्यावे लागते. आणि ज्याची शुद्ध आपण पाहत आहोत, त्यालाच गुंगी देणे हा उलटा कारभार होतो. टाळूवरून सोनोग्राफी केली, तर कडेचा रक्तस्राव निसटू शकतो. मोठ्या केंद्रांत काही मिनिटांत होणारा एमआरआय आता वापरला जातो, पण तातडीच्या वेळी आपल्याकडे सहज हाताशी असते ते सीटी यंत्रच.

प्रश्न : मी आश्रमशाळेत शिक्षिका आहे. मुले झाडावरून, विहिरीच्या कठड्यावरून पडतात. प्राथमिक आरोग्य केंद्र जवळ आहे, पण स्कॅनची सोय जिल्ह्याच्या ठिकाणी, काही तासांवर. प्रत्येक मुलाला तिकडे नेणे शक्य नाही. कोणाला न्यायचे, हे आम्ही कसे ठरवावे? – एक शिक्षिका, गडचिरोली जिल्हा

उत्तर : या सदरातले सर्वांत अवघड पत्र हे आहे. वर सांगितलेले नियम जिथे स्कॅन दाराशी आहे, तिथे तयार झाले. तुमच्याकडे प्रश्न स्कॅन करण्याचा नाही, मूल कधी हलवायचे याचा आहे. पण तीच लक्षणे इथेही उपयोगी पडतात, कारण त्यांना यंत्र लागत नाही. लागतात डोळे, बोटे आणि घड्याळ.

बेशुद्ध पडलेले, गुंगीत असलेले, असंबद्ध बोलणारे, झटका आलेले, हातपाय एका बाजूने लुळे वाटणारे, कानानाकातून रक्त किंवा पाणी येणारे, पुन्हा पुन्हा उलट्या होणारे, डोकेदुखी वाढत जाणारे मूल लगेच हलवावे. १०८ ला फोन करताना ‘डोक्याला मार, शुद्धीत फरक’ हे शब्द आवर्जून सांगावेत. उंच झाडावरून पडलेले मूल बरे दिसत असले, तरी आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना दाखवून दिवसभर नजरेखाली ठेवावे. आणि तुमच्यासारख्या ठिकाणी माझा कल थोडा लवकर हलवण्याकडे राहील. शहरात मूल बिघडले, तर स्कॅनपर्यंत दहा मिनिटे लागतात. तुमच्याकडे ते रस्त्यात बिघडेल.

मला सर्वांत जास्त भीती वाटते ती एका प्रकाराची. कानाच्या वरचे पातळ हाड तडकते, त्याखालची रोहिणी फाटते आणि कवटी व मेंदूचे आवरण यांच्यामध्ये रक्त साचू लागते. असे मूल आधी क्षणभर बेशुद्ध होते, मग उठते, बोलते, कधी जेवतेही. सगळ्यांना वाटते, वाचले. नंतर काही तासांत डोके दुखू लागते, उलटी होते, मूल पेंगते आणि झपाट्याने शुद्ध हरपते. वेळेवर रक्त काढले, तर अशी मुले पूर्ण बरी होतात, म्हणून तर ती गमावली की जीव हळहळतो. पडताना बेशुद्ध झालेले मूल नंतर कितीही खेळताना दिसले, तरी ‘आता बरे आहे’ म्हणून वसतिगृहाच्या खोलीत एकटे झोपायला पाठवू नका.

नेताना मान सरळ आणि स्थिर राहील असे पाहावे. उलटी होत असेल, तर डोके, मान आणि अंग एका रेषेत ठेवून कुशीवर वळवावे. वाटेत खायला-प्यायला देऊ नये. उलटी थांबवण्यासाठी गुंगी आणणारे इंजेक्शन आरोग्य केंद्रात मागू नये. झटका आला, तर तोंडात चमचा घालू नये, कांदा किंवा चप्पल हुंगवू नये. कधी पडले, किती उंचावरून, किती वेळ बेशुद्ध होते, उलट्या किती, हे वेळेसह एका चिठ्ठीवर लिहून बरोबर द्यावे. स्कॅन करायचा की नाही हे पुढचे डॉक्टर त्या चिठ्ठीवरून निम्मे ठरवतात. शक्य असेल, तर स्कॅनबरोबर मेंदूच्या शस्त्रक्रियेचीही सोय असलेल्या ठिकाणीच थेट न्यावे.

प्रश्न : माझ्या अकरा वर्षांच्या मुलाला हिमोफिलिया आहे. डोक्याला लागले, तर त्याला हेच नियम लागू होतात का? – एक आई, अमरावती

उत्तर : नाही. हिमोफिलियात रक्त नीट गोठत नाही आणि वरचे नियम रक्त नीट गोठणाऱ्या, निरोगी मुलांसाठी आहेत. हिमोफिलिया असलेल्या मुलाच्या डोक्याला जाणवण्याजोगा मार लागला, तर लक्षणांची वाट पाहायची नाही. आधी फॅक्टर, म्हणजे रक्त गोठण्यासाठी लागणारा, त्याच्यात कमी असलेला घटक, द्यायचा आणि त्यानंतर स्कॅनचा विचार करायचा. स्कॅनच्या रांगेत फॅक्टर खोळंबता कामा नये. आजाराचा प्रकार आणि फॅक्टरची मात्रा लिहिलेले कार्ड मुलाच्या दप्तरात असू द्या आणि शाळेत वर्गशिक्षकांना आधीच सांगून ठेवा. रक्त पातळ करणारी औषधे घेणारी, प्लेटलेट फार कमी असलेली किंवा डोक्यात पाणी साचल्यामुळे शंटची नळी बसवलेली मुलेही या नियमांबाहेरची आहेत. त्यांच्या पालकांनी त्यांच्या नेहमीच्या तज्ज्ञांना लगेच फोन करावा.

प्रश्न : मुलीचा स्कॅन नॉर्मल आला. आता आठ दिवस झाले, तरी अभ्यासाला बसली की डोके दुखते, मोठ्या आवाजाने चिडते. दुसरा स्कॅन करून घ्यावा का? – एक वडील, ठाणे

उत्तर : तुम्ही वर्णन केले आहे ते मेंदूला बसलेल्या हादऱ्याचे लक्षण आहे. त्यात मेंदूचे काम काही काळ विस्कळीत होते, पण रक्त साचत नाही आणि काही फाटत नाही, म्हणून स्कॅनमध्ये काहीच दिसत नाही. दुसऱ्या स्कॅनमध्येही दिसणार नाही. बहुतेक मुले दोन ते चार आठवड्यांत पूर्ववत होतात. पहिले एक-दोन दिवस विश्रांती आणि मोबाइल-टीव्ही कमी, मग हळूहळू चालणे-फिरणे, मग थोडा थोडा अभ्यास, नंतर पूर्ण शाळा आणि सर्वांत शेवटी खेळ, या क्रमाने जावे. डोकेदुखी पूर्ण थांबेपर्यंत कबड्डी, खो-खो, क्रिकेट, सायकल नको. त्या काळात दुसरा मार बसणे घातक असते. शाळेला चिठ्ठी द्या आणि चाचणी परीक्षा पुढे ढकलून मागा.

दुसरा स्कॅन लागतो तो लक्षणे उलट्या दिशेने जाऊ लागली तर. डोकेदुखी दिवसेंदिवस वाढत असेल, पहाटे उठल्यावर उलटी होत असेल, चालताना तोल जात असेल, एकाचे दोन दिसत असतील, झटका आला असेल किंवा मुलगी पूर्वीपेक्षा सुस्त होत असेल, तर त्याच दिवशी दाखवावे. लक्षणे हळूहळू उतरत असतील, तर डॉक्टरांची पुढची भेट एका आठवड्याने ठेवा आणि तोवर डोकेदुखी कधी, कशाने आणि किती वेळ होते, याची नोंद तिलाच तिच्या वहीत करायला सांगा.